वरच्या मजल्यावर काय आहे?

गेल्या वर्षी अम्मीला घेऊन दुबईला गेलो होतो. धाकटी बहीण तिथे राहते, तिला दुसरी मुलगी झाली होती. तिकीट नेहमीचंच, इकॉनॉमीचं. विमान मात्र दुमजली निघालं, एअरबस ए-३८०. दारातून आत शिरताना पुढच्या बाजूला एक रुंद जिना दिसला. अम्मी तिथेच थबकली. मागची रांग खोळंबली, पण तिला त्याचं काही नाही.

"वर कोण बसतं?"

"फर्स्ट क्लासवाले, बिझनेसवाले."

"वर आहे तरी काय?"

मी वाचलेलं होतं ते सांगितलं. झोपायला पलंग, मागच्या टोकाला बार, पुढच्या टोकाला अंघोळीसाठी दोन खोल्या, शॉवरसकट. बारचं तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अंघोळीवर मात्र अडली. "तीन तासांच्या प्रवासात कोण न्हातं रे? घरून न्हाऊन निघायचं ना."

तिचा हा प्रश्न मला पुढे बरेच दिवस पुरला. विमानाला वरचा मजला आला कुठून, आणि तो कुणाच्या वाट्याला जायचा हे ठरवलं कुणी, याचा माग काढत बसलो. विमान हा माझा विषय नाही. पण आमच्यासारख्या कोकणातल्या घरांमध्ये विमान ही चैन नसते, ती रोजीरोटीची वाट असते. अब्बांनी आखातात बावीस वर्षं नोकरी केली. जम्बोने किती वेळा गेले-आले याचा हिशोब त्यांनीही ठेवला नाही. जिना दर वेळी पाहिला, चढले एकदाही नाहीत. त्यामुळे या विषयावर चार शब्द बोलायचा हक्क मला वारशाने मिळालाय असं मी धरून चालतो.

आधी जम्बोची, म्हणजे बोइंग ७४७ ची गोष्ट. पॅन अ‍ॅम कंपनीचे ह्वान ट्रिप यांनी १९६६ च्या एप्रिलमध्ये या विमानांची २५ नगांची मागणी नोंदवली, साडेबावन्न कोटी डॉलरची. त्यांच्या डोक्यात होतं ते खरंखुरं दुमजली विमान, बसच्या वर बस ठेवावी तसं. बोइंगचे मुख्य अभियंता जो सटर यांना ते पटेना. वरच्या मजल्यावरून माणसं दीड मिनिटात बाहेर कशी काढणार, हा त्यांचा सवाल होता. त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी उलट सुचवलं, की मजले चढवण्यापेक्षा विमान रुंद करू. वीस फूट रुंदीची केबिन, मध्ये दोन वाटा. अखेर तेच झालं. जगभरच्या सामान्य माणसाला परवडेल असा लांबचा विमानप्रवास ज्या विमानाने आणला, ते विमान एकमजलीच ठरलं होतं.

मग ती पाठीवरची कुबड आली कशी? त्या काळी सगळ्यांची खात्री होती, की लवकरच आवाजापेक्षा वेगाने जाणारी विमानं येतील, माणसं त्यातून उडतील आणि जम्बोच्या नशिबी माल वाहणं येईल. माल भरायचा तर विमानाचं नाक उघडता आलं पाहिजे, म्हणजे पायलट नाकात बसून चालणार नाही. म्हणून पायलटची खोली उचलून वर नेली. तिच्यामागे हवा नीट सरकावी यासाठी उतार द्यावा लागला आणि त्या उताराच्या पोटात थोडी जागा आपसूक उरली. कुणी मागितली नव्हती, आखली नव्हती. बोइंगच्या मनात होतं, की इथे विमानातल्या कर्मचाऱ्यांनी पाठ टेकावी. ट्रिप लाकडी नमुना बघायला आले, ती जागा पाहिली आणि म्हणाले, ही प्रवाशांसाठी.

प्रवाशांसाठी म्हणजे कुठल्या प्रवाशांसाठी, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

२२ जानेवारी १९७० ला पॅन अ‍ॅमचा पहिला जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला गेला. तोही काही तास उशिराने, कारण ठरलेल्या विमानाचं इंजिन तापलं आणि ऐन वेळी दुसरं विमान आणावं लागलं. त्यात वर जायला गोल जिना होता आणि वर फर्स्ट क्लासवाल्यांची बैठक. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी तिथे कुणी बसायचं नाही. विमान वर स्थिरावलं की मंडळी जिना चढून जायची. मग प्रत्येक कंपनीने आपापली हौस भागवून घेतली. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने तिथे कॅप्टन कुकच्या नावाने जहाजाच्या धर्तीची बैठक सजवली, जपान एअरलाइन्सने चहाघराचा थाट केला, पॅन अ‍ॅमने पुढे तिथेच फर्स्ट क्लासची जेवणाची खोली केली.

आणि आपली एअर इंडिया. १८ एप्रिल १९७१ ला 'एम्परर अशोका' मुंबईत उतरलं. हवाई दलाची दोन मिग विमानं त्याला सोबत करत आली. खिडक्यांभोवती बाहेरून झरोक्यांची नक्षी रंगवलेली, आणि वरच्या मजल्यावर महाराजाच्या नावाची बैठक. पुढे या ताफ्यात शाहजहान आले, अकबर आले, कनिष्क आले. बादशहांची नावं देण्यात आपण हात आखडता घेतला नाही. कंपनीचा तो महाराजा कमरेत वाकून सगळ्यांचं स्वागत करतो, मात्र त्याच्या नावाच्या खोलीत शिरायला वरच्या वर्गाचं तिकीट लागायचं.

'अशोका'चं नाव घेतलं की मुंबईच्या जुन्या माणसांना दुसरंच काही आठवतं. १ जानेवारी १९७८ च्या रात्री ते विमान दुबईला जायला उडालं आणि वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली, एकही वाचलं नाही. अम्मी तेव्हा शाळेत होती. दुबईच्या विमानात बसल्यावर पहिली दहा मिनिटं ती अजूनही खिडकीबाहेर पाहत नाही. तिथे वरचं-खालचं काही उरलं नाही.

बैठकींचा काळ फार टिकला नाही. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले, काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले. रिकाम्या सोफ्याला हवेतून फिरवून आणणं परवडेना. वर खुर्च्या आल्या. सुरुवातीच्या जम्बोला वर दोन्ही बाजूंना तीन-तीनच खिडक्या असत, पुढे त्या दहा-दहा झाल्या. मग बोइंगने कुबडच सात मीटरने मागे ताणली. असा लांब पाठीचा पहिला जम्बो १९८३ च्या मार्चमध्ये स्विसएअरला मिळाला. त्यात गोल जिना गेला, सरळ आला. गोल जिना फोटोत छान दिसतो, पण जागा खातो.

या सगळ्यात मला एक तपशील फार बोलका वाटतो, आणि तो वरच्या मजल्याचा नाहीच. १९७१ च्या सुमारास अमेरिकेत मंदी होती, एवढाली विमानं भरत नव्हती. तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने जम्बोच्या खालच्या मजल्यावर, अगदी मागे, साध्या तिकिटाच्या प्रवाशांसाठी एक बैठक केली आणि तिथे पियानो ठेवला. इलेक्ट्रिक पियानो होता, पण वाजवता येत होता. लोक उठून तिथे जात, उभे राहत, गात. विमानं भरू लागली तसा पियानो गेला. साध्या प्रवाशाला पाय मोकळे करायला जागा मिळाली ती त्याची जागा विकली जात नव्हती तेवढाच काळ.

म्हणून 'पूर्वी विमानप्रवास किती सुंदर होता' असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कुणाचा? जुन्या जाहिरातींमध्ये त्या गोल जिन्यावर सुटाबुटातले गोरे पुरुष हातात ग्लास घेऊन उभे असतात. त्याच विमानाच्या मागच्या भागात माझ्या अब्बांसारखी माणसं होती. त्यांचा फोटो कुणी काढला नाही. वरचा मजला सुरुवातीला सगळ्यांचा होता आणि मग हिरावला गेला, अशी ही गोष्ट नाही. तो सुरुवातीपासूनच थोड्यांचा होता.

तरीही साधी माणसं वर गेली. दोन ठिकाणची मला माहीत आहेत.

एक जपान. तिथे देशातल्या देशात उडणाऱ्या जम्बोंमध्ये माणसं लोकलसारखी भरत. १९८६ मध्ये जपान एअरलाइन्सने लांब कुबडीचा जो जम्बो या कामाला लावला, त्यात ५६३ जागा होत्या, आणि वरही साध्याच खुर्च्या. पुढच्या पिढीचा जम्बोही तिथे साडेपाचशेहून जास्त जागांचा उडाला. तासा-दीड तासाचा प्रवास, आणि वर बसलेला माणूस कुणी खास नाही, फक्त त्याच्या तिकिटावर तो क्रमांक आला होता. आपल्या बेस्टच्या डबलडेकरसारखं. वर जायला वेगळं तिकीट नाही, वरचा कंडक्टर फक्त वेगळा. वरच्या पहिल्या बाकासाठी पोरं जीव टाकायची, आणि जो आधी चढेल त्याचा तो बाक. जुन्या डबलडेकर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बंद झाल्या तेव्हा लोक त्यांना हार घालायला गेले. ए-३८० च्या वरच्या मजल्याला कुणी हार घालील असं वाटत नाही.

दुसरं ठिकाण हजचं विमान. माझे दादा साठच्या दशकात हजला गेले ते मोगल लाइनच्या जहाजाने, मुंबईहून. जहाजातही वरचे-खालचे होतेच. केबिनवाले वर, डेकवाले खाली गर्दीत; दादा अर्थातच खाली. जहाजाने हजला जाणं १९९५ मध्ये बंद झालं. त्यानंतर वर्षभराने दादी गेली ती जम्बोने. कंपनी कुठली ते आता घरात कुणाला आठवत नाही. सगळं विमान हाजींचं, वर्ग एकच. पुरुष दोन पांढऱ्या चादरींच्या एहराममध्ये. गिरणीवाला कोण आणि गिरणीमालक कोण, कपड्यांवरून कळायची सोय नाही. आणि दादीला जागा मिळाली वर.

घरात ही गोष्ट आम्ही लहानपणापासून 'दादी फर्स्ट क्लासमध्ये बसली होती' अशी ऐकली. दादीची स्वतःची आवृत्ती मात्र वेगळी होती. ती म्हणायची, मशिदीच्या मिनाराला असतो तसला गोल, अरुंद जिना, माझे गुडघे असे; एक बाई पुढून हात ओढतेय आणि एक मागून ढकलतेय. वर गेले ते जिद्द्याला उतरेपर्यंत उठले नाही, कारण पुन्हा चढायची हिंमत नव्हती. वुजूलासुद्धा खाली गेली नाही. तयम्मुम केलं, नमाज खुर्चीवर बसून पढली. "मला खाली जागा देतो का म्हणून विचारत होते," ती म्हणायची, "पण सगळे म्हणाले, दादी, नशीबवान आहात, वर बसा."

वरची जागा चांगलीच असते हे आपण किती सहज गृहीत धरतो. ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्यालाच ती चांगली. लिफ्ट नसलेल्या चाळीत म्हाताऱ्या माणसाला तिसरा मजला मिळाला तर त्याला कुणी नशीबवान म्हणत नाही.

आता ए-३८०. ट्रिप यांचं दुमजली स्वप्न चाळीस वर्षांनी युरोपात पुरं झालं. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन पूर्ण मजले. सटर यांच्या शंकेचं उत्तर देण्यासाठी २००६ मध्ये हॅम्बुर्गला चाचणी झाली. अंधारात, निम्मीच दारं उघडी ठेवून ८५३ प्रवासी आणि २० कर्मचारी ७८ सेकंदांत बाहेर आले. म्हणजे साडेआठशे माणसं दोन्ही मजल्यांवर बसवता येतात हे सिद्ध झालं. प्रत्यक्षात तेवढी कुणीच बसवली नाहीत. रेयूनियन बेटाच्या एअर ऑस्ट्रल कंपनीने ८४० जागांचं, सगळं इकॉनॉमी असं विमान घ्यायचं ठरवलं होतं, ते बारगळलं.

झालं काय? सिंगापूर एअरलाइन्सने २००७ मध्ये हे विमान पहिल्यांदा प्रवाशांसाठी उडवलं, तेव्हा वरच्या मजल्याच्या मागच्या भागात इकॉनॉमी होती. २०१७ ला त्यांनी नवी मांडणी आणली, वर सहा सूट आणि ७८ बिझनेसच्या जागा, इकॉनॉमी सगळी खाली. क्वांटासने वरच्या टोकाला थोड्या साध्या जागा ठेवल्या होत्या, नंतर त्याही काढल्या. कोरियन एअरने सुरुवातीलाच सगळा वरचा मजला बिझनेसला देऊन टाकला. एतिहादने तर वर तीन खोल्यांचं घर बांधलं: दिवाणखाना, झोपायची खोली, न्हाणीघर. मुंबईत भाड्याने घर शोधणाऱ्याने तो नकाशा बघू नये.

सगळ्यांनी असं केलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. ब्रिटिश एअरवेजने वरच्या मजल्यावर शंभरएक इकॉनॉमीच्या जागा ठेवल्या. तिथे एका ओळीत आठच खुर्च्या बसतात, खाली दहा. भिंतीचा बाक असल्यामुळे खिडकीजवळ सामान ठेवायला एक पेटीही मिळते. ज्यांना माहीत आहे ते मुद्दाम तिथली जागा निवडतात. एमिरेट्सचीही काही ए-३८० विमानं ६१५ जागांची, फर्स्ट क्लास नसलेली, आणि त्यांत वर इकॉनॉमी. मलेशिया एअरलाइन्सने २०१२ मध्ये वरच्या इकॉनॉमीत बारा वर्षांखालच्या मुलांना मनाई केली. मला ते वाचून हसू आलं. साध्या माणसाला वर घेतलं तर घेतलं, पण पोरांना खाली ठेवून या.

माझा एक मित्र विमान कंपनीत हिशोबाचं काम बघतो. त्याच्याशी यावर वाद झाला. तो म्हणाला, "वरचा माणूस आठपट पैसे देतो म्हणून तुझी अम्मी एवढ्या स्वस्तात जाते. त्याला शॉवर नको म्हणालास तर तुझं तिकीट महाग होईल." यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. जास्त पैसे देणाऱ्याला पाय पसरायला मिळावेत, झोपायला मिळावं, याला माझी ना नाही. त्या शॉवरसाठी विमान अर्धा टन जास्तीचं पाणी घेऊन उडतं आणि एकेकाला पाच मिनिटं गरम पाणी मिळतं. हे त्यांच्या हिशोबात बसत असेल तर बसो.

माझा आक्षेप जिन्याला आणि दाराला आहे. जुन्या जम्बोत निदान सगळे एकाच दारातून शिरत. फर्स्ट क्लासवाला डावीकडे वळे, अब्बा उजवीकडे, पण दोघांनी एकमेकांना पाहिलेलं असे. ए-३८० ला वर वेगळे पूल लागतात. दुबईत २०१३ मध्ये खास या विमानासाठी जी इमारत उघडली, तिथे वरच्या वर्गाचा प्रवासी आपल्या लाउंजमधून थेट विमानाच्या वरच्या मजल्यात पाऊल टाकतो. ज्या पाच-सहाशे माणसांबरोबर तो समुद्र ओलांडणार, त्यांतली चारशे त्याच्या दृष्टीला पडतच नाहीत. एकाच विमानात दोन विमानं. विमानात वर्ग होतेच, ए-३८० ने त्यांची ओळखदेखील ठेवली नाही. त्या इमारती बांधणाऱ्यांत आणि त्यांतून ये-जा करणाऱ्यांत आमच्या भागातली माणसं किती आहेत हे मला माहीत आहे, म्हणून हे मला जास्त लागतं.

आणि सगळ्यांसाठी म्हणून जागा ठेवता येत नाही असं कुणी सांगू नये. सौदियाच्या बऱ्याच विमानांत नमाजासाठी थोडी मोकळी जागा राखलेली असते. तिथे तिकीट विचारत नाहीत. पुढचा माणूस मागे येतो, मागचा तिथे असतोच, एका ओळीत उभे राहतात. चार-सहा खुर्च्यांची जागा न विकता सोडलेली आहे आणि कंपनी बुडालेली नाही. नमाजच हवी असं नाही. पियानोही चालेल, पाय मोकळे करायला चार पावलं मिळाली तरी चालेल.

बुडाला तो ए-३८०. २०२१ च्या डिसेंबरमध्ये शेवटचा ग्राहकाकडे गेला. एकूण २५१ बनले, त्यांतले १२३ एकट्या एमिरेट्सचे. जम्बोही संपला. शेवटचा २०२३ च्या जानेवारीत अ‍ॅटलास एअरला मिळाला, तो मालवाहू. त्यात कुबडीत बसतात ते फक्त विमान चालवणारे आणि त्यांचे सोबती, दमले की तिथेच आडवे होतात. ट्रिप येण्याआधी बोइंगने ती जागा ज्यांच्यासाठी धरली होती त्यांच्याकडे ती पन्नास वर्षांनी परत गेली. आणि २२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाचा 'आग्रा' नावाचा जम्बो मुंबईहून शेवटचा उडाला, मोडीत निघण्यासाठी. जाताना त्याने पंख हलवले. मी तो व्हिडिओ अब्बांना दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि विचारलं, "वर सामान ठेवायचे का रे शेवटी?"

दुबईला उतरलो तेव्हा वरची मंडळी त्यांच्या पुलावरून कधीच निघून गेली होती. आम्ही वाटेत उभे, बॅगा डोक्यावरून उतरवत. अम्मीसाठी व्हीलचेअर सांगितली होती, ती यायला वीस मिनिटं लागली. बाहेर जावई उभा होता. त्याला विमानांची भारी आवड. त्याने अम्मीची बॅग घेतली आणि उत्साहाने विचारलं, "कसं होतं ए-३८०?"

"वर न्हाणीघर आहे म्हणे," अम्मी म्हणाली. "आम्ही खाली होतो. खाली चहा बरा होता. बाळ कुठाय?"